पंधरा दिवसांचे कवच, दीड वर्षाचा व्रण

बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे पोलीस शिपाई असलेल्या ललित साळवे यांनी २०१७ मध्ये आपल्या खात्याकडे जे मागितले ते वास्तविक अगदी साधे होते. त्यांना शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा हवी होती. खात्याने ती नाकारली. महिला म्हणून भरती झालेल्या कर्मचाऱ्याला पुरुष म्हणून सेवेत ठेवायचे कसे, पुरुष शिपायांचे शारीरिक निकष तर वेगळे आहेत, असा पेच उभा करण्यात आला. साळवे नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. सेवेशी संबंधित वाद असल्याने न्यायालयाने त्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट दाखविली. अखेर मे २०१८ मध्ये राज्य सरकारने परवानगी दिली आणि २५ मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. उरलेले टप्पे पूर्ण व्हायला २०२० साल उजाडले.

या प्रकरणावर त्या वेळी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. बाईचा पुरुष होणे शक्य आहे काय, तो योग्य काय, खात्याची अडचण कितपत खरी, अशा अंगांनी चर्चा रंगली. मूळ अर्ज रजेचा होता, म्हणजे शरीराला बरे होण्यासाठी लागणाऱ्या दिवसांचा होता, ही गोष्ट मात्र त्या गदारोळात बाजूला पडली. साळवे यांचे प्रकरण वैद्यकीयदृष्ट्या निराळे होते. ज्या शस्त्रक्रियेविषयी हा लेख आहे तिच्याशी त्याची गल्लत करण्याचे कारण नाही. तथापि त्यांनी उपस्थित केलेला रजेचा प्रश्न आजही जिथल्या तिथे आहे. सरकारी नोकरीत असलेल्या, न्यायालयापर्यंत जाऊ शकलेल्या माणसाला एका महिन्यासाठी इतके झगडावे लागले. मग ज्यांना नोकरीच नाही, जे रोजंदारीवर किंवा घरच्या शेतीवर राबतात, त्यांनी हे दिवस कोणाकडे मागायचे?

जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारी माणसे आपल्या समाजात आहेत. त्यांच्यासाठी मराठीत रुळलेला शब्द नाही. 'पारलिंगी पुरुष' हा अलीकडे वापरात येऊ लागलेला शब्द अद्याप वर्तमानपत्रांपुरताच आहे. 'तृतीयपंथी' म्हटले की डोळ्यांसमोर साडी नेसलेली, टाळी वाजविणारी व्यक्ती येते. ती या माणसांच्या नेमकी उलट दिशेने चाललेली असते. मराठवाड्याला आणि सोलापूरकडच्या भागाला जोगते ठाऊक आहेत, त्यांना देवीच्या दारी एक जागा आहे. मुलगी म्हणून वाढलेल्या आणि पुरुष म्हणून जगू पाहणाऱ्या माणसाला परंपरेने अशी कोणतीच जागा ठेवलेली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद स्त्री वा पुरुष यांखेरीज 'इतर' अशी झाली. तीत असे पुरुष किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. अनेकांची नोंद घरच्यांनी मुकाट्याने 'स्त्री' म्हणूनच केली असणार.

यांपैकी बऱ्याच जणांना सर्वाधिक छळणारी गोष्ट म्हणजे छाती. आवाज संप्रेरकांनी उतरतो, दाढी येते, केस कापता येतात. छाती लपवावी लागते. त्यासाठी वर्षानुवर्षे ती करकचून बांधली जाते. शहरात त्यासाठी तयार वस्त्रे मिळतात. गावाकडे ओढणीची पट्टी, लवचीक बँडेज, एकावर एक घातलेले दोन-तीन घट्ट बनियन असा मामला असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडत असताना हे सारे अंगावर बाळगणे म्हणजे काय, याची कल्पना मराठवाड्यातील वाचकाला निराळी करून द्यायला नको. पाठ-बरगड्या दुखतात, दम लागतो, घामाने कातडी सोलवटते. म्हणून, ज्यांना शक्य होते ते छातीची शस्त्रक्रिया करून घेतात. सर्वच करून घेतात असे नाही, आणि करून घेतलीच पाहिजे असेही नाही.

ही शस्त्रक्रिया नवी नाही. मायकेल डिलन या ब्रिटिश गृहस्थांवर ती १९४२ मध्ये झाली होती. पुढे ते डॉक्टर झाले, भारतात येऊन बौद्ध भिक्षू झाले आणि १९६२ मध्ये हिमाचलातील डलहौसी येथे वारले. म्हणजे या विषयाचे आपल्या भूमीशी अगदीच नाते नाही असे म्हणता येत नाही. तंत्र त्यानंतर पुष्कळ सुधारले. छाती लहान असेल तर स्तनाग्राच्या कडेने छोटा छेद घेऊन आतली ग्रंथी काढता येते. छाती मोठी असेल तर दोन्ही बाजूंना, छातीच्या स्नायूच्या खालच्या कडेलगत, आडवे लांब छेद घ्यावे लागतात. जादा कातडी काढली जाते आणि स्तनाग्र लहान करून, कलम बसवावे तसे, नव्या जागी त्वचारोपणाने बसविले जाते. पूर्ण भूल द्यावी लागते, साधारण दोन ते चार तास लागतात आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो.

घरी जातो, इथेच आपली गोष्ट संपते असा सर्वांचा समज असतो. खरे तर ती इथे सुरू होते.

पहिले दोन दिवस सर्वांत नाजूक. कातडीखाली रक्त साचणे ही या शस्त्रक्रियेनंतरची नेहमीची आणि लवकर उद्भवणारी गुंतागुंत आहे. एकच बाजू एकाएकी फुगली, ताठरली, असह्य ठणकू लागली, तर रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागू शकते. त्यात दिरंगाई चालत नाही. पुष्कळदा काखेजवळून एकेक नळी बाहेर काढलेली असते, तिच्या टोकाला फुग्यासारखी छोटी बाटली असते. तिच्यात जमणारे पाणी रोज मोजून लिहून ठेवायचे. ते दिवसाला तीसएक मिलिलिटरच्या खाली आले की नळी निघते. याला काही दिवस ते आठवडाभर लागतो. रोपण केलेल्या स्तनाग्रावरची पट्टी पाच ते सात दिवसांनी उघडतात. तेव्हा दिसणारे दृश्य रुग्णाला हादरवून टाकणारे असते, कारण ते काळे-निळे पडलेले, खपली धरलेले असते. बहुधा ती वरची कातडी झडते आणि खालून नवी येते. क्वचित काही भाग खरोखरच दगावतो. हा फरक अनुभवी डोळ्याला कळतो, घाबरलेल्या आईला किंवा मित्राला कळत नाही.

त्यानंतर येतात ते आठवडे. तीन ते सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, दोन-चार किलोंपेक्षा जड काही उचलायचे नाही, पाठीवर आणि शक्यतो उशांच्या आधाराने उंच झोपायचे, छातीवर दाब देणारी घट्ट बंडी रात्रंदिवस घालायची. वाचायला सोपे वाटते. ते धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय बाजूच्या लोहारा तालुक्यात बसून वाचून पाहावे.

लोहारा निवडण्याचे कारण एवढेच, की शहरी धोरणकर्त्याच्या नकाशावर जे तालुके सहसा नसतात त्यांचा हा एक प्रामाणिक प्रतिनिधी आहे. लातूर आणि सोलापूर ही जवळची मोठी शहरे, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिवला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलीकडेच सुरू झाले. शेजारी उमरग्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. तालुक्यातच सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. ते १९९३ च्या भूकंपाची देणगी म्हणावे लागेल, कारण ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे सास्तूर उद्ध्वस्त झाले नसते तर इतक्या आडबाजूला तसे रुग्णालय उभे राहिले असते की नाही कोण जाणे. छातीच्या या शस्त्रक्रियेसाठी मात्र लोहाऱ्याच्या माणसाला बहुधा पुणे-मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागणार. तिथे तो चार दिवस, आठ दिवस काढेल. लॉजचे भाडे भरून महिनाभर राहणे परवडणार नाही. तेव्हा छातीला नळ्या लावलेल्या, किंवा नुकत्याच काढलेल्या, अशा अवस्थेत तो रात्रीच्या गाडीने निघेल, महामार्गावर उतरेल आणि तिथून आपल्या गावाकडे वळेल.

गावात हात वर न करता राहायचे म्हणजे काय? हापसा मारायचा नाही. घागर उचलायची नाही. फडताळावरचा डबा काढायचा नाही. मोटारसायकल चालवायची नाही. जनावरांची धार, वैरणीचा भारा, फवारणीचा पंप पाठीवर घेणे हे तर दूरच. डोक्यावरून शर्ट काढण्याचीही मनाई असते. पुढून गुंड्यांचा सदराच घालावा लागतो. याचा सरळ अर्थ असा की दीड महिना दुसऱ्या कोणीतरी या माणसाचे पाणी भरले पाहिजे, जेवण वाढले पाहिजे, अंग पुसून दिले पाहिजे. ते 'दुसरे कोणी' बहुधा आई किंवा बहीण असते. घरच्यांनी पाठ फिरविली असेल तर कोणीच नसते. दोन खोल्यांच्या घरात, जिथे दुपारी शेजारीण साखर मागायला सरळ चुलीपर्यंत येते, तिथे छातीवरच्या पट्ट्या लपवायच्या कुठे हाही प्रश्न असतोच. अपघात झाला, गाठ काढली, अशी काहीबाही कारणे सांगितली जातात. शस्त्रक्रियेचे दुःख एक आणि तिचे कारण जपण्याचे दुःख दुसरे.

शस्त्रक्रियेनंतर विश्रांती न मिळणे ही या पट्ट्यात केवळ पारलिंगी पुरुषांची गोष्ट नव्हे, हे इथे नमूद केले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्या आकड्यावर महाराष्ट्र हादरला, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच प्रकरणातील दुसरी बाजू तितकी चर्चेत आली नाही. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून मोजली जाणारी, खाडा केला तर पैसे कापून घेतले जाणारी बाई पोटावर टाके घेऊन किती दिवस पडून राहू शकते? या दोन शस्त्रक्रियांची तुलना करण्याचा हेतू नाही. तिथे गरज नसताना अवयव काढल्याचा आरोप होता, इथे माणूस स्वतः वर्षानुवर्षे वाट पाहून शस्त्रक्रियेला जातो. साम्य आहे ते टाक्यांनंतरच्या दिवसांत. आपल्याकडील आरोग्यव्यवस्था शस्त्रक्रिया मोजते. बरे होणे हे घरातल्या बायकांचे किंवा नशिबाचे काम समजते.

आता व्रणाकडे वळू. टाके विरघळले, खपल्या पडल्या, की जखम भरली असे आपण म्हणतो. शरीराच्या लेखी काम अर्धेही झालेले नसते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस भरलेल्या जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी असते. पुढे कितीही काळ गेला तरी ती ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही. महिना-दोन महिन्यांनी व्रण उलट अधिक लाल, जाड, खाजरा होतो. हा काळ रुग्णाला खचविणारा असतो, कारण आपले काहीतरी बिघडले असे त्याला वाटते. वास्तविक आत तंतूंची जुळवाजुळव चालू असते. ती बारा ते अठरा महिने चालते आणि तेव्हा कुठे व्रण सपाट, मऊ, फिकट होऊ लागतो. अकाली जड कामाला लागलेल्या माणसाचा व्रण ताणला जाऊन रुंद होतो. म्हणजे वर सांगितलेल्या त्या दीड महिन्याच्या विश्रांतीचा हिशेब पुढे कायमचा छातीवर लिहिला जातो.

यात आपल्या लोकांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. सावळ्या कातडीच्या लोकांत, तरुण वयात आणि छातीच्या मध्यभागी 'केलॉइड' होण्याची प्रवृत्ती अधिक असते. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीत राहतो आणि कालांतराने बसतो. केलॉइड जखमेची हद्द ओलांडून खेकड्यासारखा पसरतो, खाजतो, दुखतो आणि आपणहून सहसा जात नाही. तो नुसता कापून काढला तर बहुतेकदा पुन्हा येतो, कधी पहिल्याहून मोठा. ज्याच्या कानाच्या टोचलेल्या पाळीला गाठ आली होती, ज्याच्या भावाच्या किंवा आईच्या जुन्या जखमेवर अशी वाढ झाली आहे, त्याने हे शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनला सांगितले पाहिजे. परदेशातील छायाचित्रे पाहून आपली छाती वर्षभरात तशी दिसेल असे धरून चालणाऱ्या तरुणांना हे कोणी सांगत नाही. गोऱ्या कातडीवरचा व्रण फिकट पडत विरून जातो. आपल्याकडे तो काळसर होतो आणि उन्हात अधिक गडद होतो. रोपण केलेल्या स्तनाग्रावर आधी पांढुरके डाग पडतात, रंग महिनोन्‌महिने हळूहळू परततो, कधी पूर्ण परततच नाही. तिथली संवेदनाही बहुधा पूर्वीसारखी राहत नाही.

उपाय आहेत, आणि ते अद्‌भुत नाहीत. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल रोज बारा तासांहून अधिक, किमान दोन-तीन महिने वापरणे. बोटांनी हलके चोळणे. पहिले वर्षभर व्रणावर ऊन लागू न देणे. वाढ दिसू लागली तर व्रणात स्टेरॉइडची इंजेक्शने, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, अनेकदा. छेदाच्या टोकाशी कातडीचा उंचवटा राहिला असेल तर सहा महिने ते वर्षभरानंतर छोटी दुरुस्ती. ओल्या जखमेवर हळद, तेल, राख असले काही लावू नये, हे सांगितलेले बरे. आणि तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रोपण केलेली कातडी रक्तावाचून मरते. सर्जन 'धूम्रपान करता का' असे विचारतात. आपल्याकडील तरुण खरेच सांगतो, 'नाही'. तोंडातल्या गुटख्याबद्दल, चुन्यात मळलेल्या तंबाखूबद्दल, सकाळच्या मिश्रीबद्दल त्याला कोणी विचारलेले नसते. निकोटिन त्यांतूनही तेवढेच रक्तात उतरते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे हे सारे बंद असावे लागते.

आता या कालावधीशेजारी सरकारी योजनेचा कालावधी ठेवून पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात लिंगओळख ठरविण्याचा अधिकार व्यक्तीला दिला. २०१९ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमात सरकारने शस्त्रक्रियेची व संप्रेरक उपचारांची सोय करावी, आधी व नंतर समुपदेशन द्यावे, खर्चासाठी सर्वसमावेशक विमा योजना आणावी, असे लिहिले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी व्यक्तींना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा करार केला. कागदावर हे पाऊल मोठे आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु आयुष्मान भारत योजनेची सर्वसाधारण चौकट अशी आहे की रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच औषध-तपासण्यांचा खर्च तीत बसतो. पंधरा दिवसांत नळ्या निघतात, पट्ट्या निघतात. सिलिकॉनची पट्टी सुरू करायची वेळदेखील तेव्हा आलेली नसते. केलॉइड डोके वर काढतो तो तीन-चार महिन्यांनी. अपेंडिक्ससाठी आखलेल्या मुदतीत दीड वर्षाचा व्रण बसविण्याचा हा प्रकार आहे.

केरळने यात थोडा वेगळा विचार केला. तिथल्या सामाजिक न्याय विभागाने शस्त्रक्रियेच्या अनुदानाखेरीज नंतरच्या काळासाठी वर्षभर दरमहा ३,००० रुपये देण्याची योजना आणली. रक्कम लहान आहे. तीत मजुरी भरून निघत नाही. पण बरे होण्याला पैसे लागतात आणि ते महिन्यांत मोजावे लागते, हे एका सरकारने लेखी मान्य केले, ही गोष्ट रकमेहून मोठी आहे. त्याच केरळात जुलै २०२१ मध्ये अनन्या कुमारी अ‍ॅलेक्स या पारलिंगी महिलेचा मृत्यू झाला. वर्षभरापूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्याला सतत वेदना होतात, अशी तक्रार तिने त्याआधी जाहीरपणे केली होती. ती शस्त्रक्रिया निराळी होती, आणि योजना असूनही माणूस कसा निसटतो हेही तिथेच दिसले. महाराष्ट्राने २०२० मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांचा विचार करायला त्याहून योग्य जागा दुसरी नाही.

सार्वजनिक पैसा यावर का खर्च करावा, असा आक्षेप येणार. तो सभ्यपणे घेतला जातो तेव्हा त्याला उत्तर दिले पाहिजे. उद्या पश्चात्ताप झाला तर, असेही विचारले जाते. २०२१ मध्ये २७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सुमारे आठ हजार रुग्णांच्या त्या माहितीत लिंगओळखीशी संबंधित शस्त्रक्रियांनंतरच्या पश्चात्तापाचे प्रमाण सुमारे एक टक्का होते, आणि पारलिंगी पुरुषांत त्याहूनही कमी. या अभ्यासांत अनेक रुग्णांचा पुढे मागोवाच घेतला गेला नाही, ही टीकाही रास्त आहे. पण तीच टीका आपल्या मुद्द्याला बळ देते: ज्याची वर्षभर विचारपूस केली जाते त्याच्याच मनात काय आहे ते कळते. राहिला खर्च. संसर्ग झालेली जखम महिन्याने पुन्हा उघडण्याचा खर्च वेळेवर केलेल्या चार ड्रेसिंगांच्या कितीतरी पट असतो, हे हिशेब मांडणाऱ्या कोणालाही पटेल.

दुसरीकडे, कायद्याने या व्रणाला एक विचित्र महत्त्वही देऊन ठेवले. २०१९ च्या कायद्याच्या रचनेत जिल्हाधिकाऱ्यांकडून आधी 'पारलिंगी' असे ओळखपत्र मिळे; पुढे 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचे रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचे प्रमाणपत्र जोडावे लागे. ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये, असे २०१४ च्या निकालाने बजावले होते. तरीही व्रण हा पुरावा ठरला. पुरावा एका क्षणात तपासला जातो. तो बाळगणाऱ्या शरीराला किती काळ लागला हे अर्जात विचारलेले नसते.

मराठवाड्यातील तरुणाच्या दृष्टीने याचे सर्वांत जिवंत रूप म्हणजे पोलीस भरती. पहाटे रस्त्यांवर धावणारी पोरे या भागात कुठेही दिसतात. राज्याच्या भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगविता ७९ सेंटिमीटर असावी लागते आणि फुगविल्यावर पाच सेंटिमीटर वाढावी लागते; मोजणी उघड्या अंगाने, रांगेत होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कानउघाडणी केल्यावर राज्य सरकारने भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी पर्याय देण्याचे आणि शारीरिक चाचणीचे नियम करण्याचे मान्य केले. नियम होतील, आकडे ठरतील. पण छातीवर दोन आडवे व्रण घेऊन त्या रांगेत उभा राहणाऱ्या उमेदवाराचा टेप कोण धरणार आणि आजूबाजूचे शंभर जण काय पाहणार, याचा विचार नियम करणाऱ्याने करायचा की नाही? बंद खोली आणि एक समंजस वैद्यकीय अधिकारी एवढ्याने हे निभावते.

लोहाऱ्यात काय करता येईल, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. कोणी असे म्हणत नाही की ही शस्त्रक्रिया सास्तूरला किंवा उमरग्याला झाली पाहिजे. कातडीखाली साचलेले पाणी सुईने काढणे, नळी काढणे, टाक्यांची पट्टी बदलणे, पू दिसला तर प्रतिजैविक देणे ही कामे हर्निया किंवा स्तनातील गाठ काढणाऱ्या कोणत्याही सर्जनच्या हातची आहेत. अडचण कौशल्याची नाही. केसपेपरच्या खिडकीवर 'स्त्री की पुरुष' या प्रश्नाशी ती सुरू होते, कोणत्या वॉर्डात झोपवायचे याशी ती वाढते आणि 'हे काय करून घेतलेस' या डॉक्टरांच्या उद्गाराशी रुग्ण उठून निघून जातो. पुन्हा तो येत नाही. मेडिकलवाल्याला विचारून काहीतरी मलम घेतो. उरलेल्या ग्रंथीत पुढे कधी गाठ लागली तर ती दाखवायलाही तो येणार नाही, ही त्यातील अधिक गंभीर बाब आहे. छाती सपाट झाली तरी थोडी ग्रंथी मागे राहते आणि तिची तपासणी लागू शकते.

शस्त्रक्रिया करणाऱ्या शहरी रुग्णालयांवरही काही जबाबदारी येते. घरी सोडताना हातात दिला जाणारा कागद इंग्रजीत असतो आणि त्यावर पुढील भेटीची तारीख तेवढी ठळक असते. कोणती शस्त्रक्रिया झाली, नळी केव्हा काढायची, कोणती लक्षणे दिसली तर लगेच यायचे आणि कोणती दिसली तरी घाबरायचे नाही, हे एका पानावर मराठीत लिहून दिले आणि तालुक्याच्या डॉक्टरला उद्देशून चार ओळींचे पत्र जोडले, तर त्या डॉक्टरचे निम्मे बिचकणे कमी होईल. शस्त्रक्रियेची तारीख ठरवितानाही रुग्णाला उन्हाळा टाळायला सांगता येईल. दिवाळीनंतरच्या थंडीत घट्ट बंडी सहा आठवडे सोसवते, मे महिन्यात तीच घामाने जखम कुजविते.

पुढच्या वर्षभराच्या तपासण्यांसाठी दर वेळी पुणे-मुंबई गाठणे कोणालाच परवडणारे नाही. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही इंटरनेटवरून, व्हिडिओद्वारे डॉक्टरांचा मोफत सल्ला देणारी सेवा करोनाच्या काळात घराघरांत पोहोचली आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांतूनही ती चालते. व्रण सपाट होतो आहे की पसरतो आहे, हे त्वचारोगतज्ज्ञाला पडद्यावर बऱ्यापैकी दिसते. इंजेक्शन द्यायचे ठरलेच तर ते लातूर, सोलापूर किंवा धाराशिवच्या त्वचारोग विभागात देता येईल. ते औषध स्वस्त आहे, जुने आहे आणि केलॉइडच्या इतर रुग्णांना तिथे ते दिलेच जाते.